स्विस ट्रॅव्हल पास : महाग आहे तरी घ्या, पण सगळ्यांनी नाही

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो सासूबाईंच्या वतीने, कारण स्वित्झर्लंडभर रेल्वे-बस-बोटीने फिरायच्या या पासमध्ये सिनिअर सिटिझनला एका पैशाची सूट नाही. पंचवीसच्या आतल्यांना तीस टक्के सूट, सोळाच्या आतल्या पोट्ट्यांना आईबापासोबत चक्क फुकट, आणि सत्तरी गाठलेल्या बाईला पूर्ण भाव. आपल्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीनंतर सगळ्यांनाच फुकट, त्या सवयीने आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलंच, "काऊन, तिथं म्हाताऱ्या माणसानं फिरायचंच नाही का?" उत्तर नव्हतं माझ्याकडे, ४१९ स्विस फ्रँक भरले.

आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, २०२५ च्या मेमध्ये, नागपुरात घराबाहेर पाय ठेववत नव्हता तेव्हा. स्वित्झर्लंडला जायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणजे ग्रुप टूर घ्या, सकाळी पोहे संध्याकाळी वरण-भात, डोक्याला ताप नाही. दुसरा म्हणजे जाऊच नका, तेवढ्यात दोनदा व्हिएतनाम होऊन जातं. सीताबर्डीतल्या एका एजंटकडे जाऊन आलो, त्याने जो आकडा सांगितला त्यात तीन देश होते, त्यातले दोन आम्हाला पाहायचेच नव्हते, आणि एका गावात जेमतेम एक रात्र. आईंना रोज बॅग भरून बसमध्ये चढणं जमलं नसतं. म्हणून मग मी एक्सेल उघडलं आणि स्वतःच बसले.

आता पास म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात. स्वित्झर्लंडच्या बाहेर राहणाऱ्यांसाठीच हा असतो, तिथल्या लोकांना मिळत नाही. एकदा घेतला की तेवढे दिवस देशभरातल्या रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तलावातल्या बोटी, नव्वदच्या वर गावांमधल्या लोकल ट्राम-बस, सगळं त्यात. वर पाचशेच्या वर म्युझियम फुकट. रिगी, स्टान्सरहॉर्न आणि स्टूस हे तीन डोंगर पूर्ण फुकट, बाकी बऱ्याच डोंगरांच्या रोपवेवर निम्मी सूट. मोबाईलवर क्यूआर कोड येतो, टीसी येऊन स्कॅन करतो, कधी पासपोर्ट मागतो, थँक्यू म्हणतो, गेला. रांग नाही, खिडकी नाही, चिल्लर नाही.

भाव असे होते २०२५ ला, सेकंड क्लासचे, माणशी : ३ दिवस २४४ फ्रँक, ४ दिवस २९५, ६ दिवस ३७९, ८ दिवस ४१९, १५ दिवस ४५९. मी हिशोबाला फ्रँक १०५ रुपयांना धरला होता, तुम्ही जाल तेव्हाच्या भावाने गुणून घ्या. पण रुपयात गुणायच्या आधी हे आकडे एकदा नीट बघा. तीन दिवसांचा घेतला तर दिवसाला ८१ फ्रँक पडतात, आठ दिवसांचा घेतला तर ५२, आणि पंधराचा घेतला तर ३१ सुद्धा नाही. आठवरून पंधरावर जायला फक्त ४० फ्रँक जास्त! म्हणजे सरळ आहे, जास्त दिवस राहा असा त्यांचा आग्रह आहे, पण हॉटेलचं बिल काही ते भरून नाही राहिले. तरी यातून एक गोष्ट पक्की कळते की तीन-चार दिवसांचा पास हा सगळ्यात महाग सौदा आहे. ट्रॅव्हलवाले पॅरिस-रोमच्या मधे तीन दिवस स्वित्झर्लंड कोंबतात आणि हाच पास गळ्यात मारतात, त्यातला एक दिवस तर झुरिकला उतरून हॉटेल शोधण्यातच जातो.

आम्ही आठचा घेतला. तीन मोठी माणसं, १२५७ फ्रँक, म्हणजे एक लाख बत्तीस हजार रुपये. मुलगा फुकट, त्याचं स्विस फॅमिली कार्ड पाससोबतच मिळतं, वेगळे पैसे नाहीत, पण घेताना मागून घ्या, आपोआप येईल म्हणून बसू नका. आणि एक बारीक अट आहे, मुलासोबत आई किंवा बाप पाहिजे, आजीच्या पासवर नातू चालत नाही. आजी-नातू बोटीने फिरतील आणि आपण दोघं दुसरीकडे जाऊ असा काही बेत असेल तर तो आत्ताच डोक्यातून काढा.

एक लाख बत्तीस हजार फक्त फिरायच्या तिकिटाला, हे ऐकून नवरा दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला सुटी तिकिटं काढू ना. म्हणून मी त्याच्यासमोर सुट्या तिकिटांचा हिशोब मांडला, तोच इथे देते, साधारण भाव आहेत, एक-दोन फ्रँक इकडेतिकडे. झुरिक एअरपोर्टवरून ल्युसर्न तीसच्या आसपास. ल्युसर्नहून बोट आणि डोंगरगाडीने रिगी जाऊन-येऊन शंभरच्या वर. ल्युसर्न ते इंटरलाकेन तीस-पस्तीस. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन आणि वर म्युरेन जाऊन-येऊन चाळीसच्या आतबाहेर. बर्न जाऊन-येऊन साठ. झरमॅट जाऊन-येऊन दीडशेच्या वर. परतताना इंटरलाकेन ते झुरिक पंचाहत्तरच्या आसपास. झाली बेरीज? चारशे नव्वद-पाचशेच्या घरात जाते, आणि यात गावातल्या बस नाहीत, ऱ्हाइनचा धबधबा नाही, टिटलिस या बर्फाच्या डोंगराच्या रोपवेची सूट नाही, मुलाचं तिकीट नाही. नवरा म्हणाला मग झरमॅट काढून टाक. काढलं तरी हे न धरलेलं सगळं धरून पास आणि सुटी तिकिटं जवळपास सारखीच येतात, मग सुटी कशाला?

इथे एक प्रामाणिक गोष्ट. फक्त आकडेमोड केली तर पासपेक्षा स्वस्त रस्ते आहेत. हाफ फेअर कार्ड म्हणून एक प्रकार आहे, महिनाभर सगळ्या तिकिटांवर निम्मे पैसे, ते सव्वाशे-दीडशे फ्रँकच्या घरात मिळतं. सेव्हर डे पास म्हणून आणखी एक, एका दिवसासाठी देशभर कुठेही, लवकर काढला तर ५२ फ्रँकपासून, हाफ फेअर कार्ड असेल तर २९ पासून, पण प्रवासाची तारीख जवळ येत जाते तसा तो महाग होत जातो. सुपरसेव्हर तिकिटं तर आणखी स्वस्त, पण ती ठरलेल्या गाडीचीच, गाडी सुटली की तिकीट गेलं. हे सगळं जोडजाड करून माणूस शे-सव्वाशे फ्रँक वाचवू शकतो, नाही असं नाही.

पण मग ढगांचं काय करता? हा मुद्दा मला कुठल्याच व्हिडिओत नीट सांगितलेला दिसला नाही आणि माझ्या मते पासची अर्धी किंमत इथेच वसूल होते. मे महिन्यात तिकडे सकाळी ऊन, दुपारी धुकं, संध्याकाळी पाऊस असं सगळं एकाच दिवशी होतं. डोंगरावर धुकं असलं तर वर जाऊन तुम्हाला पांढरी भिंत दिसते, बाकी काही नाही, आणि तिचे पैसे पूर्ण. तिथल्या जवळपास प्रत्येक शिखराचा वेबकॅम लाइव्ह असतो. आमचं ठरलेलं होतं, सकाळी चहा ठेवायचा आणि मुलाने मोबाईलवर सगळे कॅमेरे लावून आजीला दाखवायचे. रिगी दिसून राहिला का? नाही? मग आज बर्न. बर्नमध्ये पावसात पण चालतं, जुन्या बाजारात दुकानांपुढून लांबच लांब कमानी आहेत, डोकं ओलं होत नाही. अस्वलं बघायला पैसे नाहीत, घड्याळाचा मनोरा बाहेरून बघायला पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की रिगी. हे सकाळी आठ वाजता ठरवता येतं कारण खिशात पास आहे. आधी काढलेल्या स्वस्त तिकिटांवर तुम्ही धुक्यात पण जाणार, कारण पैसे भरलेत ना राजा.

रिगीबद्दल जरा जास्त लिहिते कारण ज्यांना बजेटमध्ये एकच डोंगर करायचाय त्यांनी हाच करावा. ल्युसर्न स्टेशनच्या बाहेर आलं की समोरच बोटीचा धक्का आहे, रस्ता ओलांडला की झालं. तिथून फित्स्नाऊपर्यंत बोट, तासाभराच्या आसपास. आम्हाला जुनी वाफेवरची, बाजूला चाकं असलेली बोट मिळाली. तिच्या मधोमध खाली बघायला कठडा केलेला आहे आणि तिथून अख्खं इंजिन दिसतं, मांडीएवढे जाड लोखंडी दांडे तेलाने चकाकत पुढे-मागे होऊन राहिलेत, पितळेचे भाग घासूनपुसून लखलखीत, गरम तेलाचा वास वर येतो, खाली एक माणूस तेलाची बुधली घेऊन शांतपणे फिरतोय. पोट्टं तिथून हलायला तयार नाही, बाहेर तलाव आणि बर्फाचे डोंगर, तिकडे ढुंकूनही बघितलं नाही त्याने. आई तोवर जिना चढून वरच्या डेकवर जाऊन बसल्या होत्या, मस्त खुर्ची, मस्त ऊन. तिथल्या माणसाने अगदी हसून सांगितलं की वरचा मजला फर्स्ट क्लासचा आहे. खाली आल्यावर आई म्हणाल्या तलाव तर तोच दिसतो. बरोबर आहे त्यांचं. फर्स्ट क्लासचा पास जवळपास दीडपट-पावणेदोनपट महाग आहे, अजिबात घेऊ नका, तिथला सेकंड क्लास आपल्या एसी चेअर कारपेक्षा ऐसपैस आहे.

फित्स्नाऊला बोटीतून उतरलं की दहा पावलांवर लाल रंगाची दातेरी रुळांची गाडी उभी. ही लाइन १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरावर चढणारी रेल्वे. वर रिगी कुल्म १७९८ मीटर. बर्फात खेळायला मे महिन्यात फार काही मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते, पण चारी बाजूंनी तलाव आणि पलीकडे अख्खी आल्प्सची रांग, आणि बाकांवर बसून घरून आणलेल्या पोळ्या खायला कोणी हटकत नाही. उतरताना दुसऱ्या बाजूची निळी गाडी घ्या, ती आर्ट-गोल्डाउला उतरवते, तिथून ट्रेनने ल्युसर्न. नाहीतर मधे काल्टबाडला उतरून रोपवेने वेगिसला आणि परत बोट. सगळं पासमध्ये. या एका दिवसातच पासच्या दोन दिवसांचे पैसे निघतात.

आता मोठ्या भांडणाचा विषय, बर्फ. घरात दोन पक्ष होते. मुलाला युंगफ्राऊ पाहिजे होतं, 'टॉप ऑफ युरोप', ३४५४ मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, वर्गातला कोणीतरी जाऊन आला होता म्हणे. इंटरलाकेनहून त्याचं पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर आहे. पास असला की ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट पण त्याच्या वर फक्त २५ टक्के सूट, म्हणजे सीझनमध्ये तरीही माणशी दीडशे फ्रँकच्या वर जातातच. जाहिरातीत निम्मी सूट निम्मी सूट ऐकून लोक जातात आणि सगळ्यात महाग डोंगरावरच ती पाव निघते. हा पासचा दुसरा मोठा तोटा, पण स्टार नाही कापला कारण नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्याच्याऐवजी टिटलिस. ल्युसर्नहून एंगेलबर्गची ट्रेन पासमध्ये, आणि वरच्या रोपवेला निम्मी सूट, पूर्ण तिकीट शंभरच्या आतबाहेर, ते पन्नासच्या आसपास पडतं. वरचं स्टेशन तीन हजार मीटरच्या थोडं वर, मे महिन्यात बर्फ बम. शेवटचा टप्पा गोल फिरणाऱ्या केबिनचा आहे, त्यामुळे खिडकीसाठी भांडण नाही, सगळ्यांनाच सगळं दिसतं. वर शाहरुख-काजोलचा कटआउट उभा आहे, तिथे फोटोला जी रांग लागते ती बघून आपण परदेशात आहोत हे विसरायला होतं, पुढे अमरावतीचं एक कुटुंब होतं, मागे सुरतचं. तिघांचे मिळून तीनशे फ्रँकच्या आसपास वाचले, म्हणजे तीस हजार रुपये. मुलगा दोन दिवस फुगून बसला, मग म्युरेनला केबल कारने वर जाऊन समोर आयगर-मोंख-युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं ओळीने बघितली तेव्हा जरा निवळला. म्युरेनपर्यंत पास चालतो हे लक्षात ठेवा, तिथे गाड्यांना बंदी आहे आणि गाव म्हणजे एक कड्यावरचा रस्ता, त्या रस्त्यावरून जे दिसतं त्याला तिकीट नाही.

पासमध्ये काय येत नाही ते पण बघून घ्या, नाहीतर बजेट तिथे फुटतं. ग्लेशियर एक्स्प्रेस, बर्निना एक्स्प्रेस या नावाजलेल्या गाड्यांचा प्रवास पासमध्ये आहे पण रिझर्व्हेशन सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे, ग्लेशियरचे तर पन्नास फ्रँकच्या आसपास. गंमत म्हणजे त्याच रुळांवरून साध्या पॅसेंजर गाड्या जातात, तेच पूल, तेच बोगदे, खिडकीसुद्धा उघडते कित्येक डब्यांत, आणि रिझर्व्हेशन नाही. आम्ही या दोन्हींच्या नादी न लागता ल्युसर्न-इंटरलाकेन एक्स्प्रेसवर भागवलं, पावणेदोन-दोन तासांची आहे, ब्रुनिग घाटातून जाते, रिझर्व्हेशनची सक्ती नाही, ल्युसर्नहून जाताना उजव्या बाजूला बसा. लाउटरब्रुनेनजवळच्या डोंगराच्या पोटातल्या ट्र्युमेलबाख धबधब्याला तिकीट आहे, पास चालत नाही. ऱ्हाइनचा धबधबा शाफहाउझेनजवळ, २३ मीटर उंच आणि दीडशे मीटर रुंद, तो नॉयहाउझेनच्या बाजूने बघितला तर पैसे लागत नाहीत, समोरच्या किल्ल्याच्या बाजूने गेलात तर तिकीट. दोन्हीकडून धबधबा तोच आहे, आईंच्या तलावासारखाच.

स्टेशनवरचं टॉयलेट, एक ते दोन फ्रँक. दोनशे रुपये. ट्रेनमधलं फुकट आहे, जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं.

प्रवासाचा खर्च असा बांधून टाकला की उरतं खाणं आणि राहणं, आणि पासचा सगळ्यात मोठा फायदा मला तोच वाटला, की घरून निघायच्या आधीच एक मोठा आकडा फिक्स झाला आणि रोज तिकिटाच्या मशीनसमोर उभं राहून गुणाकार करावा लागला नाही. राहायला आम्ही किचन असलेली अपार्टमेंट घेतली, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. भाव बघताना क्लीनिंगचे पैसे आणि माणशी-रात्री टुरिस्ट टॅक्स धरला की नाही ते बघा, तो शेवटी वाढतो. त्या टॅक्सच्या बदल्यात कित्येक गावांत गेस्ट कार्ड मिळतं, इंटरलाकेनला त्यावर लोकल बस फुकट, ल्युसर्नला पण गावातल्या झोनची बस. म्हणजे पास सुरू व्हायच्या आधीचा किंवा संपल्यानंतरचा एखादा दिवस गावातच काढायचा असेल तर पासचा दिवस जाळायची गरज नाही.

खाण्याचं सांगते. साध्या हॉटेलात व्हेज मेन कोर्स २५-३० फ्रँक, चौघांचे एका वेळचे शंभर-सव्वाशे, म्हणजे साडेदहा ते तेरा हजार रुपये, आणि पोट भरेलच असं नाही. त्यामुळे मिग्रो आणि कूप या दोन सुपरमार्केटची नावं पाठ करून जा. मिग्रोचा एम-बजेट आणि कूपचा प्री गारांती हे त्यांचे स्वस्त ब्रँड, पाकिटं दिसायला साधी, आतला तांदूळ, पास्ता, दूध, दही एकदम व्यवस्थित. दुकान बंद व्हायच्या आधी तास-अर्धा तास गेलात तर ब्रेड, सॅलड, सँडविचवर २५ आणि ५० टक्क्यांची स्टिकरं लागलेली असतात. आमच्या आई त्यात तरबेज झाल्या. जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम, पण ते केशरी-लाल स्टिकर त्यांना दुकानाच्या दारातून दिसायचं. फक्त सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, रॅकसमोर त्या अडकल्या. प्लास्टिकच्या डब्बीत एवढीशी जुडी, दहा-बारा काड्या असतील, तीन फ्रँकच्या आसपास. मला विचारलं किती झाले, मी सांगितलं तीनशे पंधरा. त्यांनी डब्बी उलटीपालटी करून बघितली, परत ठेवली, आणि कॉटन मार्केटमध्ये भाजीवाल्याने वर फुकट टाकलेल्या सांभाराची आठवण काढत दालनाच्या टोकापर्यंत गेल्या. मग परत आल्या आणि घेतली, कारण वरणावर पाहिजेच.

हो, वरण. तूरडाळ, पोहे, तिखट-मीठ-हळद, जवसाची चटणी, चिवडा, शेव, लोणचं आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर घरून नेला होता. तूप मात्र बॅगेतून काढून ठेवलं, कारण युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस तिथे न्यायला बंदी आहे, पेढे-बर्फी पण त्यातच येते. तिथे लोणी स्वस्त नाही पण बम चांगलं मिळतं, तेच कढवून वरणावर घेतलं. सकाळी पोहे खाऊन निघायचं, डब्ब्यात पोळ्या किंवा सँडविच, संध्याकाळी वरण-भात, चौघांचा दिवसाचा किराणा तीस-चाळीस फ्रँकमध्ये बसायचा. पाणी अजिबात विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याचं आहे, झुरिकमध्ये तर बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि जवळपास सगळ्यांना बाटली लावता येते, 'काइन ट्रिंकवासर', म्हणजे पिण्याचं पाणी नाही, असं लिहिलेलं असेल तेवढंच टाळा. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी, शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड भरून ठेवा.

बाकीचं पटपट. व्हिसा फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मी, आमचा बारा वर्षांचा म्हणून पूर्ण बसली. ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा आहे. कार्ड मशीनने रुपये की फ्रँक असं विचारलं तर नेहमी फ्रँक दाबा, रुपये दाबलं की दुकानदाराचं मशीन स्वतःचा महागडा भाव लावतं. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी जातो, कमी मार्कअपचं कार्ड नाहीतर फॉरेक्स कार्ड आधी बनवून घ्या. रोख फार लागत नाही. विमानाचं आम्ही मुंबईहून बघितलं आणि नागपूरहून दोहामार्गे पण बघितलं, मुंबईला जायचं भाडं, एक रात्रीचं हॉटेल आणि आईंचा त्रास धरला तर फरक फार उरत नाही.

पास कोणी घ्यावा ते आता सरळ सांगते. सहा-आठ दिवस असतील, दर एक-दोन दिवसांनी गाडीत बसणार असाल, सोबत सोळाच्या आतलं मूल असेल, तर डोळे मिटून घ्या. सलग फिरायचं नसेल, मधे एक-दोन दिवस गावातच बसायचं असेल तर त्याचा फ्लेक्स प्रकार आहे, महिन्याभरात हवे ते दिवस वापरायचे, तो थोडा महाग पडतो पण दिवस वाया जात नाही. तरुण जोडपं असेल, युंगफ्राऊ-गोर्नरग्राट-टिटलिस हे सगळेच डोंगर करायचे असतील आणि एकाच गावात मुक्काम असेल तर हाफ फेअर कार्ड जास्त बरं, कारण युंगफ्राऊवर त्याची सूट निम्मी आहे, पासची पाव.

माझी एक मैत्रीण प्रतापनगरची, ती डिसेंबरात निघून राहिली आहे, नवरा-बायको दोघंच, नणंद झुरिकला असते तिच्याकडेच मुक्काम. तिला पण आठचाच पास घ्यायचा होता, माझा ऐकून. तिला सांगितलं अजिबात नको. हिवाळ्यात स्टान्सरहॉर्न बंद असतो, बोटींच्या फेऱ्या कमी होतात, दिवस साडेचारला मावळतो, आणि नणंदेच्या घरून रोज कोण निघतंय. हाफ फेअर कार्ड घे, दोन-तीन लांबच्या दिवसांचे सेव्हर डे पास आत्ताच काढून ठेव, आणि रिगीचं तिकीट मात्र आधी काढू नको, सकाळी वेबकॅम बघून मगच.